ताप उतरवायचा, की अंगातून निघू द्यायचा?

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे, वजन १९ किलो. परवा संध्याकाळपासून तिला ताप आहे, काल रात्री १०३ भरला. सासूबाई म्हणतात, ताप म्हणजे शरीर आजाराशी झुंजतंय, तो दाबू नये, गोधडी घालून घाम काढावा. यजमान मात्र आकडा १००च्या वर गेला की दर चार तासांनी ६५०ची अर्धी गोळी चुरून देतात. नणंदेने मेडिकलवरून मेफ्टालची बाटली आणून ठेवली आहे, ‘याने पटकन उतरतो’ म्हणते. त्यातच सासऱ्यांनाही (वय ७२, हृदयाचे पेशंट) आज सकाळपासून कणकण वाटतेय. कुणाचं ऐकू?
— एक आई, सुदामानगर, इंदूर

उत्तर : सगळ्यात आधी ती दर चार तासांची अर्धी गोळी थांबवा. ६५०ची अर्धी म्हणजे ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. दिवसातून सहा वेळा गेली तर १,९५० मिलिग्रॅम होतात. लहान मुलांना चोवीस तासांत किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जाऊ नये, म्हणजे तुमच्या मुलीची मर्यादा सुमारे १,१४० झाली. यजमान तिला जवळजवळ पावणेदोन पट औषध देत आहेत, आणि तेही ती नीट खात-पीत नसताना. असं दोन दिवस चाललं तर यकृताला इजा होऊ शकते. पहिल्या दिवशी त्याची काही खूणही दिसत नाही. नंतर उलट्या होतात, अन्नावरची वासना जाते, बरगडीखाली उजवीकडे दुखतं, आणि घरच्यांना वाटतं की तापामुळेच होतंय. परवापासून किती वेळा आणि किती गोळी दिली ते आठवून कागदावर लिहा आणि आजच डॉक्टरांना दाखवा. नाहीतरी आज तापाचा तिसरा दिवस आहे, आज दवाखान्यात जायलाच हवं.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांचं निम्मं बरोबर आहे, आणि ते निम्मं महत्त्वाचं आहे. संसर्ग झाला की पांढऱ्या पेशी काही रसायनं सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं आणि शरीराचं ठरलेलं तापमान वर सरकतं. गिझरचा काटा कुणी ५०वरून ६०वर नेऊन ठेवावा तसं. नवा आकडा गाठेपर्यंत शरीर थंडीतच आहे असं समजून वागतं : त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात, हुडहुडी भरते. म्हणून पोट तापलेलं आणि तळपाय बर्फासारखे, असं दिसतं. पॅरासिटामॉल हे प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही, मग काटा खाली येतो. आजारावर त्याचा काहीही परिणाम नसतो.

हा वाढलेला ताप उपयोगाचा असतो का? १९७५ साली अमेरिकेत मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना सरड्यांना जिवाणूंचा संसर्ग करून वेगवेगळ्या तापमानांत ठेवलं. सरड्याला स्वतःचं अंग आतून तापवता येत नाही, त्यामुळे कुणाला ‘ताप’ मिळावा हे प्रयोग करणाऱ्याच्या हातात होतं. ४० ते ४२ अंश सेल्सियसमध्ये ठेवलेले बरेच जगले, ३४ अंशांतले बहुतेक मेले. माणसांच्या बाबतीत चित्र इतकं ठळक नाही. कांजिण्या झालेल्या मुलांवरच्या १९८९च्या एका अभ्यासात पॅरासिटामॉल घेतलेल्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरायला सुमारे एक दिवस जास्त लागला. नेहमीच्या सर्दी-तापात मात्र औषध दिल्याने आजार लक्षणीय लांबतो असं दिसलेलं नाही. मोजकं औषध देऊन तुम्ही मुलीची लढाई बिघडवत नाही, आणि औषध न दिल्याने तिचं काही अडतही नाही. निर्णय तिला किती त्रास होतोय यावर घ्यायचा.

हे आम्ही जोर देऊन सांगतो, कारण बहुतेक घरांत निर्णय थर्मामीटर घेतं. १०२ ताप असूनही मूल चित्र काढत बसलंय, पाणी मागतंय, शांत झोपतंय, तर गोळीची गरज नाही. झोपलेल्या मुलाला औषधासाठी उठवायचं तर अजिबात नाही. उलट १००.५लाच अंग ठणकतंय, डोकं दुखतंय, पाण्याचा घोट नको म्हणतंय, तर खुशाल द्या. तापाने मेंदू वितळतो, ताप डोक्यात जातो ही भीती घरोघरी आहे. संसर्गाने येणारा ताप सहसा १०६च्या पुढे जात नाही, शरीर स्वतःच त्याला तिथे रोखतं. मेंदूला इजा करणारं तापमान त्याहून वर, १०७च्या पुढे असतं. तरीही १०५ला टेकला तर मूल कसंही दिसो, डॉक्टरांना कळवा.

द्यायचं ठरलं की मोजून द्या. एका वेळचा डोस किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार तास, शक्यतो सहा, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. १९ किलोला १५ने गुणलं की २८५ येतात, आपण २७५ धरू. खरी गडबड पुढे होते. बाजारात पॅरासिटामॉलचं सिरप वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं आणि खोकी दिसायला सारखीच असतात. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असेल तर तुमच्या मुलीला ५.५ मिलिलिटर लागेल. ५ मिलिलिटरमध्ये १२० असेल तर साधारण ११.५. तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये एकेका मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम असतात, म्हणजे २.७५ मिलिलिटरमध्येच तिचा डोस भरतो. मागच्या वर्षी १२०चं सिरप आणलं होतं, ‘साडेअकरा द्यायचं’ हे डोक्यात बसलं, आणि यंदा मेडिकलवाल्याने २५०ची बाटली दिली तर दुप्पट औषध पोटात जातं. म्हणून फोनवर ‘किती एमएल देऊ’ असं विचारायच्या आधी बाटलीवरचा आकडा वाचून दाखवा आणि वजन सांगा, वय नव्हे.

स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका, कुठला तीन मिलिलिटरचा निघतो, कुठला सातचा. बाटलीसोबतचं झाकण किंवा बिनसुईची सिरिंज घ्या. बाटली आधी चांगली हलवा. औषध तळाशी बसलेलं असेल तर सुरुवातीचे डोस पातळ आणि शेवटचे जहाल होतात. औषध दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांच्या आत सगळं उलटून पडलं तर एकदा पुन्हा देता येतं. त्यानंतर उलटी झाली तर पुढच्या वेळेपर्यंत थांबा. दुसरीकडे सर्दीचं सिरप चालू असेल तर त्याच्या घटकांत पॅरासिटामॉल आहे का बघा, पुष्कळदा असतं, आणि मग ते दोन बाटल्यांतून जातं. खोकल्या-सर्दीची सिरपं चिठ्ठीशिवाय घेऊच नका. आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, २०२५ साली डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपने मूत्रपिंडं निकामी होऊन लहान मुलं दगावली.

औषधाकडून अपेक्षाही बेताची ठेवा. अर्ध्या ते एका तासात परिणाम सुरू होतो, दोन-तीन तासांनी सगळ्यात जास्त असतो, आणि ताप दोन-तीन अंश फॅरनहाइट उतरतो. १०३.५चा १०१ झाला की औषधाने काम केलं. ९८.६ आला नाही म्हणून दुसरी गोळी, मग तिसरं सिरप, असं करत घरात चूक वाढत जाते. औषधाचा असर सरला की ताप पुन्हा चढतो, त्याचा अर्थ आजार बळावला असा नाही.

नणंदबाईंची बाटली आत ठेवून द्या. त्यात मेफेनॅमिक ॲसिड असतं. ताप झपाट्याने उतरवतं हे खरं, पण ते, इब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि ॲस्पिरिन ही औषधं जठराच्या अस्तराला त्रास देतात आणि प्लेटलेटच्या (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींच्या) कामात अडथळा आणतात. डेंग्यूत प्लेटलेट आधीच घटत असतात, तिथे रक्तस्रावाचा धोका वाढतो. इंदूरला पावसाळा उतरू लागला की डेंग्यूचे दिवस येतात, तेव्हा डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत तापाला एकच औषध, पॅरासिटामॉल. लहान मुलांना ॲस्पिरिनने राय सिंड्रोम नावाचा मेंदू आणि यकृताचा गंभीर आजार होऊ शकतो, तेव्हा ते तर कधीच नाही. निमेसुलाइड या तापाच्याच आणखी एका औषधावर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११पासून बंदी आहे. घरातल्या जुन्या औषधांच्या डब्यात एखादी पट्टी पडली असेल तर टाकून द्या.

‘ताप आपोआप निघू द्यावा’ या विचारातला सगळ्यात मोठा धोका डेंग्यूतच आहे, आणि तो ताप चढताना नाही, उतरताना आहे. डेंग्यूचा ताप सहसा दोन ते सात दिवस टिकतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान तो उतरतो आणि नेमके तेच चोवीस ते अठ्ठेचाळीस तास जोखमीचे असतात. केशवाहिन्यांतून रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपू लागतो, रक्त दाट होतं, रक्तदाब ढासळू शकतो. घरचे म्हणतात, ‘सुटला बाई ताप’, आणि मूल मलूल का दिसतंय याला अशक्तपणा म्हणून सोडून देतात. ताप गेल्यावर मूल खेळकर झालं, भूक लागली, तर खरंच बरं झालं. ताप गेला पण पोट सतत दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, हातपाय गार आणि चिकट लागतायत, लघवी कमी झालीय, मूल चिडचिडं किंवा गुंगीत आहे, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघा. रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन करा किंवा स्वतःच्या गाडीने एमवाय रुग्णालय अथवा जवळचं मुलांचं मोठं इस्पितळ गाठा.

तपासण्या डॉक्टर सांगतील, पण कुठली कधी उपयोगाची हे माहीत असलं की पैसे वाचतात. डेंग्यूची एनएस१ चाचणी (विषाणूचं प्रथिन शोधणारी) पहिल्या पाच दिवसांत, आयजीएम (प्रतिपिंडं शोधणारी) त्यानंतर. सीबीसी म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या चाचणीत सगळ्यांचे डोळे प्लेटलेटवर असतात, पण हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, चढत जाणं हे झिरपण्याचं चिन्ह आहे, दोन्ही आकडे एकत्र बघायचे असतात. मलेरियासाठी रक्ताचा स्मिअर. टायफॉइडची विडाल चाचणी पहिल्या आठवड्यात फसवते. संशय असेल तर ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघणं), तेही अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी. प्लेटलेट वाढाव्यात म्हणून आपल्याकडे बकरीचं दूध शोधत फिरतात. त्याने प्लेटलेट वाढतात याला आधार नाही, आणि ते कच्चं पाजलं तर ब्रुसेलोसिससारखा वेगळाच आजार पदरात पडू शकतो.

गोधडीबद्दल सासूबाईंना असं सांगा. घाम आल्याने ताप उतरत नाही, ताप उतरू लागल्यामुळे घाम येतो. काटा खाली आला की शरीर जादा उष्णता टाकायला लागतं, तोच हा घाम. थंडी वाजतेय तोवर एक चादर जरूर द्या, बरं वाटतं. हुडहुडी थांबली आणि अंग तापलं की ती काढा, सुती पातळ कपडे घाला, पंखा मंद ठेवा. जाड पांघरुणात कोंडलं तर उष्णता अडकते आणि पाणी वाया जातं. दुसऱ्या टोकाचे लोक बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवतात. काटा वरच असताना बाहेरून गार केलं की शरीर हुडहुडी भरून तेवढी उष्णता परत तयार करतं आणि पोर रडकुंडीला येतं. कोमट पाण्याने अंग पुसलेलं आवडत असेल तर पुसा, रडत असेल तर सोडून द्या. कोलोन किंवा स्पिरिट अंगाला लावू नका, ते श्वासातून आणि कातडीतून आत जातं.

उष्माघात मात्र वेगळा. मे महिन्यात लू लागून अंग तापतं तेव्हा काटा जागेवरच असतो, शरीराला उष्णता टाकता येत नाही एवढंच. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. कपडे सैल करून अंगावर पाणी, वर पंखा, काखेत आणि जांघेत बर्फ, आणि १०८. उन्हातून आलेला माणूस बरळतोय आणि अंग भाजतंय, तर ‘ताप आहे, गोळी देऊ’ म्हणून बसून राहू नका.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका, दोन-तीन दिवस मूल कमी जेवलं तर बिघडत नाही. जुन्या पिढीचं लंघन मोठ्यांपुरतं ठीक, पण मुलाने मागितलं तर उपाशी ठेवू नये. मेतकूट-भात, मुगाची मऊ खिचडी, भाताची पेज, वरणाचं पाणी, जे जाईल ते. पाणी मात्र सोडायचं नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-चार घोट, ताक, लिंबूपाणी, नारळपाणी. उलट्या-जुलाब असतील तर ओआरएस : डब्ल्यूएचओ फॉर्म्युला असं छापलेलं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचं. अर्ध्या पाण्यात केलं तर मीठ जास्त होतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लघवी फिकट पिवळी असेल आणि दर सहा-एक तासांनी होत असेल तर पाणी पुरतंय. आठ तास लघवीच झाली नाही तर डॉक्टर.

तापात झटका येईल अशी तुम्हाला धास्ती असेल. असे झटके सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत येतात, शंभरांत दोन ते पाच मुलांना. तुमची मुलगी त्या वयातून जवळपास बाहेर आली आहे. औषध देऊन ताप खाली ठेवल्याने ते टळतात असंही नाही. आलाच तर तिला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका, नाकाशी कांदा किंवा चप्पल धरू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर इस्पितळ, आणि पहिलाच झटका असेल तर थांबला तरी.

याशिवाय कुठल्या खुणा दिसल्या की वाट बघत बसायचं नाही? श्वास जलद चालणं : पाच वर्षांवरच्या मुलाचा शांत असताना मिनिटाला ३०च्या वर, एक ते पाच वर्षांत ४०च्या वर, पूर्ण मिनिट पोट बघून मोजा. बरगड्या आत ओढल्या जाणं. मान ताठ होणं. काचेच्या पेल्याने दाबूनही फिके न होणारे लाल-जांभळे ठिपके. हाक मारून जागं न होणं. आणि कुठेही, कुणाचंही तीन महिन्यांखालचं बाळ असेल आणि ताप १००.४ किंवा वर असेल तर घरी काहीही करत बसायचं नाही, थेट इस्पितळ.

सासऱ्यांना तुमच्या मुलीचा नियम लावू नका. तापमान एक अंश सेल्सियस चढलं की शरीराचा खर्च सुमारे दहा टक्क्यांनी आणि नाडी मिनिटाला दहाच्या आसपास वाढते. लेकरू ते सहज पेलतं, कमकुवत हृदयाला ते जड जातं. त्यांना कणकण वाटतेय तेव्हाच पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०ची एक गोळी द्यायला हरकत नाही, दोन गोळ्यांत सहा तास. वजन ५० किलोच्या खाली असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोजची दारू असेल तर दिवसाची मर्यादा खूप कमी होते, ती डॉक्टरांकडून ठरवून घ्या. इब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅक त्यांना अजिबात नको, हृदय आणि मूत्रपिंड दोन्हींवर ताण येतो. ते रक्त पातळ करायची किंवा ॲस्पिरिनची गोळी घेत असतील तर ताप आलाय हे त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा, गोळी मनाने बंद करू नका. म्हाताऱ्या माणसांत ताप चढतोच असं नाही. ९९.५ आणि सोबत गोंधळल्यासारखं बोलणं, तोल जाणं, जेवणच सोडणं हे तरुणाच्या १०३पेक्षा गंभीर असू शकतं.

ताप नीट मोजा. कपाळासमोर धरायचं यंत्र घाम, पंखा, ऊन यांनी हुकतं. साधं डिजिटल थर्मामीटर घ्या. काख कोरडी पुसून टोक खोलगट जागी ठेवा, हात अंगाशी दाबून धरा, बीप वाजेपर्यंत हलू देऊ नका. सहा वर्षांची मुलगी जिभेखालीही धरू शकेल, पण आधी पंधरा-वीस मिनिटं गरम किंवा गार काही प्यायलेली नसावी. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंश कमी असतो. त्यात मनाने काही मिळवू नका, जो दिसेल तो लिहा आणि कुठे मोजला तेही लिहा. शाळेच्या जुन्या वहीत चार रकाने पाडा : वेळ, ताप, औषध किती मिलिलिटर आणि कुठल्या ताकदीचं, लघवी कधी झाली. यजमान, सासूबाई, नणंद, सगळ्यांनी त्याच वहीत लिहायचं, म्हणजे एकाने दिलेलं औषध दुसऱ्याकडून पुन्हा दिलं जाणार नाही. आज दवाखान्यात जाताना ती वही आणि औषधांच्या सगळ्या बाटल्या-पट्ट्या पिशवीत घेऊन जा.